विठोबाच्या नावावर खपवलेली वाटणी

आपल्या घरांतले कितीतरी अन्याय देवाचं नाव घेऊन पचवले जातात, आणि हे मी गळ्यात तुळशीची माळ घालून सांगते आहे. मी एकादशी चुकवत नाही, हरिपाठ चुकवत नाही, जे चाललं आहे ते त्याच्या इच्छेने चाललं आहे यावर माझी श्रद्धा आहे. म्हणूनच माझा संताप होतो. भावाने बहिणीचा हिस्सा दाबला, की "देवाच्या मनात असेल तसं होतंय." सुनेच्या पाठीवर वळ उठले, की "तिच्या नशिबाचे भोग." म्हाताऱ्या आईला महिन्याच्या पाळीने या घरून त्या घरी हलवलं, की "पांडुरंगाला तिची काळजी." नवऱ्याने घरदार दारूत बुडवलं आणि बायकोच्या हाडाची राबून राबून काडं झाली, की "देव तिची परीक्षा बघतोय." करतो माणूस, भोगतं माणूस, आणि खाली सही विठोबाची!

ही सही खोटी आहे. ज्यांनी ती केली त्यांनाही ठाऊक आहे की ती खोटी आहे.

मला जे म्हणायचं आहे ते एका वाक्यात सांगते. देवावर हवाला ठेवायचा तो आपल्या स्वतःच्या वाट्याचा. दुसऱ्याच्या वाट्याचं सोसणं आणि दुसऱ्याच्या वाट्याचा त्याग ही देवाची इच्छा आहे, असं ठरवण्याचा अधिकार बापाला नाही, भावाला नाही, नवऱ्याला नाही आणि व्यासपीठावर उभ्या असलेल्या बुवालाही नाही. ही माझ्या मनाची बांधणी नव्हे. हे देहूला इंद्रायणीच्या काठी घडून गेलेलं आहे.

तुकोबांचं घर सुखी घर नव्हतं. घरात महाजनकी होती, सावकारी होती, दुकान होतं. आईवडील गेले, थोरली भावजय गेली आणि थोरला भाऊ सावजी घर सोडून तीर्थाटनाला निघून गेला. मग १६३० च्या सुमाराचा तो भीषण दुष्काळ आला. पहिली बायको अन्नावाचून गेली, तिच्यामागे मुलगा गेला, व्यापाराचं दिवाळं वाजलं. आज आपण ज्यांना जगद्गुरू म्हणतो त्यांच्या घराची ही अवस्था होती. त्यातून तुकोबा विठ्ठलाकडे वळले आणि लोकांकडून येणं असलेल्या पैशांची कागदपत्रं इंद्रायणीत बुडवायला निघाले. इथपर्यंतची गोष्ट प्रत्येक कीर्तनात सांगतात. पुढचा भाग मात्र घाईघाईने उरकतात, आणि सगळं मर्म त्या पुढच्या भागात आहे.

धाकटे बंधू कान्होबा म्हणाले, तुम्ही विरक्त झालात, मला मुलंबाळं पोसायची आहेत. तुकोबांनी त्यावर भावाला वैराग्य शिकवलं नाही. विठ्ठलाची तशी इच्छा आहे, असं म्हणून सगळा गठ्ठा पाण्यात लोटला नाही. कागदांच्या दोन वाटण्या केल्या, अर्धे कान्होबांच्या हातात दिले आणि आपल्या वाटणीचे तेवढे बुडवले. चरित्रकारांनी सांगितलेली आणि वारकऱ्यांच्या पिढ्यांनी जपलेली ही कथा आहे. विठ्ठलावर तुकोबांइतका भरवसा महाराष्ट्रात कुणी ठेवला? त्या तुकोबांनीसुद्धा भावाचा कागद देवाच्या नावाने बुडवला नाही!

आता आपल्या गावांकडे बघा. वडील गेले, दहावं झालं, तेरावं झालं, मांडवातली सतरंजी अजून उचललेली नसते आणि कुणीतरी हळूच विषय काढतो, "बहिणींच्या सह्या कधी घ्यायच्या?" मग हक्कसोडपत्र तयार होतं. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत बहिणींना रांगेत बसवतात, अंगठा घेतात, फोटो काढतात आणि परत येताना साडी देतात. लाखोंच्या जमिनीची किंमत एक साडी आणि वर्षातून एकदा भाऊबीज! सही करताना बहिणीने जरा हात आखडला तर तिला सांगतात, "माहेर तुटेल." तेवढ्याने भागलं नाही तर मग देवाला आणतात. "एवढा देव देव करतेस, जमिनीचा मोह सुटत नाही होय?"

कायद्यात काय आहे ते ऐका. मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीने सहदायाद करणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ सालीच केली, त्या वेळी लग्न न झालेल्या मुलींपुरती का होईना. केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून ती सगळ्या मुलींना लागू केली. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनिता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं, की हा हक्क मुलीला जन्माने मिळतो आणि त्यासाठी २००५ साली वडील हयात असण्याची अट नाही. म्हणजे वाद मिटलेला आहे. बहीण भावाकडे भीक मागत नाही. तिच्या नावावर जे जन्मापासून आहे ते ती सोडते किंवा ठेवते. सोडायचं असेल तर ती तिची मर्जी, आणि मनापासून सोडणाऱ्या बहिणीला माझा नमस्कार. पण तिच्या हातून सोडवून घ्यायचं आणि वर त्याला त्याग म्हणायचं, ही सरळ लूट आहे.

माझ्या घरातही हेच झालं. वडील गेले तेव्हा माझे दोन्ही भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. बांधावरून वाजलं होतं, एकमेकांच्या दारात पाय ठेवत नव्हते, मुलांच्या लग्नपत्रिकेत एकमेकांचं नाव छापत नव्हते. ते दोघे माझ्या सहीसाठी मात्र एका गाडीतून आले. बरोबर चुलते होते. चुलत्यांनी मायेने सुरुवात केली आणि मग म्हणाले, "तू माळकरीण ना गं? तुकोबांनी कागद बुडवले, आणि तुला चार गुंठे सोडवत नाहीत?"

मी म्हटलं, "तात्या, तुकोबांनी स्वतःचे बुडवले. कान्होबांचे नाही."

त्यावर कुणी काही बोललं नाही. मी सही केली नाही. काही दिवसांनी कळलं, की वारसनोंदीचा अर्ज दिला गेला आहे आणि त्यात माझंही नाव नाही, आईचंही नाही. ज्या बाईने त्या शेतात चाळीस वर्षं खुरपणी केली, ती जिवंत असताना वारसांत नव्हती! मी नोटिशीच्या मुदतीत हरकत घातली, मंडल अधिकाऱ्यांसमोर उभी राहिले, आणि फेरफारात आईचं आणि माझं नाव लागलं. गावात बोललं गेलं, की माळकरीण असून भावांना कचेरीत खेचलं. होय, खेचलं. माळ घातली म्हणून खोटं सोसायचं, असं मला कुठल्याही संताने सांगितलेलं नाही.

कचेरीची पायरी चढणं म्हणजे देवावरचा विश्वास उडणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी पंढरपूर आठवावं. विठ्ठलाच्या मंदिरावर पिढ्यानपिढ्या हक्क सांगणारे बडवे आणि उत्पात यांचा वाद कुठे मिटला? १९७३ साली पंढरपूर मंदिरांचा कायदा झाला आणि त्यानंतर वर्षानुवर्षं खटले चालले. जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तेव्हा तो हक्क संपला. साक्षात विठोबाच्या घरचा तंटा कोर्टात सुटला आणि त्या सगळ्या काळात एकाही आषाढीला वाट ओस पडली नाही. लाखो लोक चालतच राहिले. मग माझ्या घरचा तंटा कचेरीत गेला तर माझी भक्ती कशी बाटली?

पण जमिनीचं तरी मोजमाप होतं. माणसांच्या वाटण्या होतात त्याचं काय? वडील थोरल्याकडे, आई धाकट्याकडे. पन्नास वर्षं एका चुलीवर जेवलेली दोन माणसं मुलांच्या सोयीसाठी दोन गावांत राहतात. किंवा एकट्या आईची महिन्याची पाळी लागते. एकतीस दिवसांच्या महिन्यात शेवटच्या दिवशी कुणी जेवायला घालायचं यावरून भांडणं होतात, ती मी कानांनी ऐकली आहेत. त्या आईला विचारा कशा आहात म्हणून. ती म्हणेल, "पांडुरंग ठेवील तसं राहायचं." तिच्या तोंडी हे वाक्य शोभतं, तिला त्याचा अधिकार आहे, कारण ती स्वतःच्या दुःखाबद्दल बोलते आहे. तेच वाक्य तिचा मुलगा ओसरीवर पाय पसरून म्हणतो तेव्हा ते पाप असतं. पांडुरंग ठेवील तसं राहायला पांडुरंगाने तिला तुझ्या घरी ठेवलं आहे, तू कुठे ठेवतोस ते सांग! सरकारला २००७ साली आईवडिलांच्या निर्वाहासाठी वेगळा कायदा करावा लागला. पुंडलिकाने आईवडिलांच्या सेवेसाठी देवाला विटेवर ताटकळत ठेवलं, अशी कथा ज्या प्रदेशाने सातशे वर्षं गायली, त्या प्रदेशातही त्या कायद्याखाली अर्ज येतात. याची लाज व्यासपीठावरून कुणी बोलून दाखवतं का?

व्यासपीठावरून काय बोलतात ते मी वर्षानुवर्षं ऐकते आहे. आवलीवर विनोद करतात. आवली म्हणजे तुकोबांची दुसरी बायको जिजाई, तिला कजाग म्हणून उभी करतात, तिचा आवाज काढतात आणि मांडवातले बाप्ये हसतात. त्या बाईने काय केलं ते आठवा. नवरा भंडाऱ्याच्या डोंगरावर नामस्मरणात बसलेला, घरात धान्य नाही, पोरं लहान, दारात घेणेकरी. तरी ती भाकरी बांधून डोंगर चढायची आणि तो जेवल्याशिवाय स्वतः जेवायची नाही. तोंडाने विठ्ठलाला शिव्या देत चढायची. त्या वाटेवर तिच्या पायात काटा मोडला आणि तो काढायला विठ्ठल स्वतः आला, अशी कथा आपणच सांगतो. देवाने कुणाच्या पायातला काटा काढला? शिव्या देणारीच्या! तिने देवाच्या इच्छेपुढे मान तुकवली नव्हती, ती चिडली होती, थकली होती, आणि तरी कर्तव्य सोडत नव्हती. देवाला तिची चीड चालली. आपल्याला मात्र बाईचा आवाज चढलेला चालत नाही.

तीच गत बहिणाबाईंची. शिऊरच्या संत बहिणाबाई, जन्म १६२८ चा. अगदी लहान वयात तिशीच्या बिजवराशी लग्न झालं. कोल्हापुरात असताना कीर्तनाची गोडी लागली, तुकोबांचा ध्यास लागला. ब्राह्मणाच्या बायकोने शूद्राला गुरू मानायचं म्हणून नवरा पेटला. त्याने मारलं, बांधून घातलं, गरोदर असताना सोडून जायला निघाला. पुढे आजारपणात त्याला पश्चात्ताप झाला आणि दोघे देहूला गेले. बुवा लोक यातला शेवटचा तुकडा उचलतात आणि सांगतात, बघा, तिने सोसलं म्हणून नवरा सुधारला, तुम्हीही सोसा. धादांत लबाडी आहे ही. बहिणाबाईंनी सोसलं तेवढंच केलं नाही. त्यांनी ते लिहून ठेवलं. आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत नवऱ्याचा मार नवऱ्याच्याच नावाने नोंदवला, देवाच्या इच्छेचा बुरखा त्याच्यावर घातला नाही. सतराव्या शतकातली बाई जे झाकत नाही, ते एकविसाव्या शतकातले लोक तिच्याच नावाने झाकायला शिकवतात. २००५ साली घरातल्या हिंसाचाराविरुद्ध कायदा झाला, तो कुणा देवाविरुद्ध झालेला नाही. मार खाणाऱ्या बाईने त्याचा आधार घेतला तर तिची भक्ती तसूभरही उणी होत नाही.

मग मोठ्यांनी काय करायचं? एकनाथांनी केलं ते करायचं. नाथांचा मुलगा हरिपंडित शास्त्र शिकलेला, बापाने प्राकृतात निरूपण करावं आणि अस्पृश्यांच्या घरी जेवावं हे त्याला सोसेना. रुसून काशीला गेला. नाथ त्याला आणायला गेले, त्याने अटी घातल्या आणि नाथांनी त्या पत्करल्या. ज्या निरूपणावर जीव जडलेला होता ते बापाने मुलासाठी थांबवलं, अशी परंपरा सांगते. पुढे मुलालाच आपली चूक कळली. नाथांपुढे एक सोपा रस्ता होता. मी संत आहे, माझं मत हेच देवाचं मत, तू नरकात जाशील, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. त्यांनी किंमत मोजली ती स्वतःच्या खिशातून. तुकोबांनी स्वतःचे कागद दिले, नाथांनी स्वतःचा आनंद दिला. संतांच्या घरातले तंटे वाचले की हे एक सूत्र सगळीकडे सापडतं. देवाच्या नावाने ते जे काही सोडतात ते त्यांचं स्वतःचं असतं.

हे केवळ वारकऱ्यांत घडलं असंही नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांच्या मनाला ती देवाची हाक होती. लक्ष्मीबाईंसाठी मात्र तो घरावर पडलेला डोंगर होता. लहान मुलाला घेऊन त्या काही वर्षं वेगळ्या राहिल्या, काही काळ पंढरपुरातही होत्या. त्यांनी कुणाचे दोष लपवले नाहीत. सासऱ्यांचा कडवटपणा, टिळकांचा तापट आणि लहरी स्वभाव, स्वतःचं सोवळंओवळं, सगळं 'स्मृतिचित्रे'त उघडं मांडलं आहे. नवऱ्याला हाक आली म्हणून त्यांनी धर्म बदलला नाही. माणसामाणसांतला भेद देवाने केलेला नाही, हे त्यांचं त्यांना पटलं तेव्हा, १९०० साली, त्यांनी स्वतःच्या बुद्धीने पाऊल टाकलं. नवऱ्याने ऐकलेली हाक ही नवऱ्याची. बायकोची हाक बायकोलाच ऐकू यावी लागते. देव एकाच्या कानात सांगून दुसऱ्याकडून काम करून घेत नाही.

आता दुसऱ्या बाजूच्या लोकांशीही मला भांडायचं आहे. माझ्या भाचरांपैकी शिकलेली मुलं म्हणतात, "आत्या, एवढं सगळं दिसतंय तरी माळ घालतेस? ज्यांच्या घरात रोज हरिपाठ होतो तेच आजीला उपाशी ठेवतात. टाकून दे तो देव." त्यांचा राग खरा आहे, निष्कर्ष खोटा आहे. माणसं नालायक निघाली म्हणून देव नालायक ठरत नाही. देवाची लायकी त्याच्या भक्तांवरून ठरवायची असती तर जगात एकही देव शिल्लक राहिला नसता.

याचा पुरावा हवा असेल तर आषाढीच्या वाटेवर उभे राहा. तुकोबांनंतर त्यांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली पालखी सुरू केली. देहूहून तुकोबांच्या पादुका आणि आळंदीहून ज्ञानोबांच्या पादुका एका पालखीत पंढरीला जायच्या. पुढे एकोणिसाव्या शतकात, १८३० च्या सुमाराला, तुकोबांच्या वंशजांमध्ये हक्कांवरून आणि मानपानावरून तंटे झाले. ज्या पुरुषाने भावासाठी कागद वाटून दिले, त्याच्याच घरात पालखीवरून भांडण! याहून मोठी मानवी दुर्बलता कोणती? तेव्हा आमच्याच सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे हैबतबाबा पुढे आले. शिंद्यांच्या पदरी सरदारकी केलेला हा माणूस सगळं सोडून आळंदीला राहिला होता. त्यांनी ज्ञानोबांची पालखी वेगळी काढली, शिस्त लावली, दिंड्यांचा क्रम लावला, अंकलीच्या शितोळे सरकारांकडून घोडे मिळवले. आज आळंदीच्या महाद्वारात त्यांच्या नावाची पायरी आहे. एक पालखी सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण करत जाते, दुसरी यवत, बारामती, इंदापूर, अकलूज करत जाते आणि दोन्ही वाखरीला पोचतात. दोन वाटांवरच्या शेकडो गावांना माउली आणि तुकोबा दारात भेटतात.

याचा अर्थ ते भांडण देवाने लावलं असा घेऊ नका. तो अर्थ घेणाराच उद्या आपलं भांडण देवाच्या माथी मारतो. भांडण माणसांनी केलं, मानाच्या हावेने केलं, ते वाईटच होतं. पण ते भांडण वारी थांबवू शकलं नाही. हैबतबाबांनी भांडणाऱ्यांचा निवाडा होण्याची वाट बघितली नाही, आणि हात जोडून देवाची इच्छा म्हणत बसलेही नाहीत. जे त्यांच्या हातात होतं ते त्यांनी उचललं. देवाच्या इच्छेवर भरवसा म्हणतात तो हा. माणसं चुकतील, घरं फुटतील, वंशज भांडतील, तरी चांगलं काम पुढे न्यायला कुणीतरी उभं राहील आणि त्या उभ्या राहणाऱ्याच्या पायात बळ येईल, ही खात्री. ही खात्री नसती तर मी त्या कचेरीची पायरी एकटीने चढूच शकले नसते.

आणि इथे मी माझ्याही वाट्याचं सांगते. त्या हिश्शाच्या उत्पन्नातून आईचं औषधपाणी चालतं, ती माझ्याजवळ असते, तिला आता पाळी नाही. थोरला भाऊ येऊन तिला भेटून जातो. धाकटा माझ्याशी बोलत नाही. भाऊबीजेला मी फोन करते, तो उचलत नाही. मी ओवाळणीचं ताट भरते, त्याच्या मुलांसाठी काढलेलं त्यांच्या शेजाऱ्याच्या हातून पोचवते. त्याने बोलावं म्हणून मी सातबाऱ्यावरचं नाव काढणार नाही, कारण ते खोट्यापुढे मान तुकवणं होईल. त्याने बोलावं म्हणून त्याला शापही देणार नाही. त्याचं मन वळवणं माझ्या हातात नाही. ते मी विठ्ठलावर सोडलं आहे, आणि सोडलं आहे म्हणजे खरोखर सोडलं आहे. रात्री त्याचा राग करत मी जागी राहत नाही. देवाची इच्छा हे शब्द मी उच्चारते ते एवढ्या जागेपुरते. ज्ञानदेवांनी पसायदानात दुष्टांचा नाश मागितला नाही, त्यांच्यातला दुष्टपणा जावा असं मागितलं. त्यांनी तरी ते कुठल्या घरातून मागितलं? ज्यांच्या आईवडिलांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं गेलं, चार पोरकी लेकरं ज्यातून उरली, त्या घरातून. ते प्रायश्चित्तही शास्त्राच्या आणि देवाच्याच नावाने सांगितलं होतं. ज्ञानदेवांनी देव टाकला नाही आणि तो निर्णय देवाचा मानलाही नाही.

म्हणून आता थेट बोलते.

बुवांनो, तुम्ही आवलीचा आवाज काढून मांडव हसवायचं बंद करा. कान्होबांच्या वाटणीची गोष्ट दर कीर्तनात पूर्ण सांगा, आणि यजमानाने बहिणीचा हिस्सा दाबला आहे हे गावाला ठाऊक असेल तर त्याच्याच मांडवात ती सांगा. तुमचं पाकीट गेलं तरी चालेल. ते सोडणं देवाच्या नावाने सोडणं होईल, कारण पाकीट तुमचं स्वतःचं आहे.

भावांनो, त्यागाची एवढी आवड असेल तर स्वतःच्या नावचा हक्कसोड करा. बहिणीच्या नावाने एकर लिहून द्या आणि मग विठोबासमोर उभं राहून सांगा, तुझ्या इच्छेने दिला. तेवढं धैर्य नसेल तर निदान देवाचं नाव मध्ये आणू नका. लोभ आहे तर लोभ म्हणा. लोभाचं औषध निघू शकतं, पण देवाच्या नावाखाली झाकलेला लोभ पिढ्यानपिढ्या सडत राहतो.

आणि बहिणींनो, सुनांनो, आयांनो, तुम्हाला जे सोडायचं असेल ते आनंदाने सोडा, जे क्षमा करावंसं वाटेल ते क्षमा करा. पण कागद वाचल्याशिवाय अंगठा देऊ नका, मार लपवू नका, उपाशी असाल तर उपाशी आहे असं चारचौघांत सांगा. खरं बोलल्याने माहेर तुटत असेल तर ते माहेर तोडणारे तुम्ही नाही. खरं बोलणाऱ्याच्या पाठीशी देव उभा राहतो, यावर विश्वास ठेवा. मी ठेवला आहे, आणि त्याच विश्वासाने हा लेख माझ्या भावांनाही पाठवते आहे.